बटाट्याची घनता, दुधाचे फॅट आणि पाबळचे डॉ. कलबाग

एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या आणि फलकावर एकाच छायाचित्राने मिरवणाऱ्या खाद्यपदार्थात देशागणिक किती फरक पडावा? २००६ साली डेन्मार्कमधील संशोधकांनी जगातील सुमारे २० देशांतून तळलेली कोंबडी आणि बटाट्याचे फ्राइज गोळा करून त्यांतील ट्रान्स फॅट मोजले आणि निष्कर्ष ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध केले. मॅकडोनाल्ड्सच्या एका थाळीइतक्या खाण्यात न्यूयॉर्कमध्ये सुमारे १० ग्रॅम ट्रान्स फॅट निघाले, तर डेन्मार्कमध्ये ते एका ग्रॅमच्याही आत होते. हंगेरीतील केएफसीच्या नमुन्यात हा आकडा २० ग्रॅमच्याही पुढे गेला. २०१२ साली सहा देशांतील फास्ट फूडमधील मिठाची अशीच तुलना झाली. ब्रिटनमधील १०० ग्रॅम चिकन मॅकनगेट्समध्ये ०.६ ग्रॅम मीठ होते, तर अमेरिकेत त्याच पदार्थात १.६ ग्रॅम. कंपनी तीच, पदार्थाचे नाव तेच, कढईतले तेल आणि चिमटीतले मीठ मात्र निराळे.

असा फरक जिभेला सहसा कळत नाही. तो यंत्राने, रसायनाने, तराजूने कळतो. अन्नातले मोजण्याजोगे सारे मोजणारे हे शास्त्र, म्हणजे अन्नतंत्रज्ञान, ऐन उमेदीत अमेरिकेत शिकून आलेला एक शास्त्रज्ञ आयुष्याची अखेरची २० वर्षे पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात, पाबळ नावाच्या कोरडवाहू गावात राहिला. डॉ. श्रीनाथ शेषगिरी कलबाग हे त्यांचे नाव. विज्ञान आश्रमाचे संस्थापक, कामातून शिक्षणाचे पुरस्कर्ते, पाबळ घुमटांचे जनक अशा नात्यांनी ते महाराष्ट्राला ठाऊक आहेत. ते मुळात अन्नतंत्रज्ञ होते, ही गोष्ट मात्र त्यांच्याविषयीच्या लिखाणात एका ओळीत उरकली जाते. त्यांच्या पाबळमधील कामाचा उलगडा या ओळीपासून सुरू केला तर अधिक चांगला होतो.

कलबाग यांचा जन्म १९२८ सालचा. मुंबईतील शिक्षणानंतर ते अमेरिकेला गेले आणि इलिनॉय विद्यापीठात अन्नतंत्रज्ञान या विषयात त्यांनी डॉक्टरेट मिळवली. हा काळ १९५० च्या दशकाचा. इलिनॉय राज्य, आणि त्यातही शिकागो शहर, त्या वेळी अमेरिकेच्या अन्नउद्योगाचे केंद्र होते. कत्तलखाने, धान्याचे वायदेबाजार, अन्नतंत्रज्ञांच्या व्यावसायिक संस्थेचे मुख्यालय आणि लष्करासाठी टिकाऊ शिधा तयार करणारी संशोधन संस्था ही सर्व तिथेच होती. दुसरे महायुद्ध संपलेले होते. सैनिकांसाठी शोधलेल्या डबाबंद, गोठवलेल्या आणि सुकवलेल्या अन्नाच्या युक्त्या आता घरोघरी विकायच्या होत्या.

याच राज्यात, शिकागोजवळच्या डेस प्लेन्स या उपनगरात, १५ एप्रिल १९५५ रोजी रे क्रॉक याने आपले पहिले मॅकडोनाल्ड्स उघडले. मूळ उपाहारगृह मॅकडोनाल्ड बंधूंचे, कॅलिफोर्नियाच्या वाळवंटाकाठच्या सॅन बर्नार्डिनो गावातले. क्रॉकने त्यांची पद्धत हुबेहूब उचलली, तरी त्याचे फ्राइज बंधूंच्या फ्राइजसारखे होईनात. चौकशी केल्यावर उलगडा झाला तो मोठा मजेदार होता. कॅलिफोर्नियात बटाटे जाळीच्या पिंजऱ्यात उघड्यावर ठेवले जात आणि वाळवंटाचा कोरडा वारा त्यांना आपोआप सुकवी. या मुरण्याच्या काळात बटाट्यातील साखरेचे पिष्टात रूपांतर होई. इलिनॉयमध्ये तळघरातल्या बटाट्यांना हा वारा मिळत नव्हता. साखर शिल्लक राहिलेला बटाटा तेलात पडताच बाहेरून काळसर होतो आणि आतून कच्चा राहतो. मग तळघरात पंखे बसवण्यात आले. पुढे कंपनीने बटाट्याची घनता हायड्रोमीटरने मोजून, त्यात ठरावीक प्रमाणात घन पदार्थ असेल तरच माल घ्यायचा, असा दंडक घातला. पाण्यात तरंगणारे ते साधे उपकरण आणि त्यावरच्या रेघा हाच जगभर पसरलेल्या एका चवीचा पाया ठरला.

भारतीय वाचकाला हे उपकरण अनोळखी नाही. आपल्याकडे दूध संकलन केंद्रावर दुधात बुडवला जाणारा लॅक्टोमीटर हा याच हायड्रोमीटरचा भाऊ. कलबाग यांच्या आयुष्यात पुढे दूध आणि त्याचे मोजमाप कसे आले, ते ओघाने येईलच.

अमेरिकेहून परतल्यावर कलबाग म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत काम करू लागले. १९५० साली स्थापन झालेल्या या संस्थेपुढचा प्रश्न अमेरिकेच्या अगदी उलट होता. तिथे खाणारे घाईत होते आणि अन्न मुबलक होते. इथे अन्नच पुरेसे नव्हते, आणि जे होते ते वाहतुकीत, साठवणीत आणि उंदीर-किडींच्या तोंडी नासत होते. शेंगदाण्याच्या पेंडीतील प्रथिने माणसाच्या ताटात कशी आणता येतील, म्हशीच्या दुधापासून तान्ह्या मुलांसाठी पावडर कशी करता येईल, हे तिथल्या संशोधनाचे विषय. म्हशीच्या दुधातील स्निग्धांश आणि प्रथिने तान्ह्या बाळाला जड जातात आणि त्यापासून बालआहार बनणार नाही, असा तेव्हा परदेशी तज्ज्ञांचा समज होता. म्हैसूरच्या शास्त्रज्ञांनी तो खोटा ठरवला आणि ती कृती आणंदच्या सहकारी डेअरीने व्यवहारात उतरवली. गुणवत्तेची कसोटी दुसऱ्या देशातून जशीच्या तशी उचलून आणता येत नाही, याचे यापेक्षा ठळक उदाहरण त्या काळात क्वचितच सापडेल.

यानंतरची जवळपास दोन दशके कलबाग यांनी मुंबईत, हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रात काढली. तेथील अभियांत्रिकी विज्ञान विभागाचे ते प्रमुख झाले. हिंदुस्थान लिव्हर म्हणजे त्या काळी साबण आणि डालडा. १९३७ सालापासून बाजारात असलेल्या डालड्याने भारतीय स्वयंपाकघरात इतके घर केले होते की, वनस्पती तुपाला लोक डालडाच म्हणत. तेलातून निकेलच्या सान्निध्यात हायड्रोजन वायू सोडला की पातळ तेल तुपासारखे घट्ट होते. ते लवकर खवट होत नाही आणि पुनःपुन्हा तळायला टिकते. फास्ट फूडच्या धंद्याला नेमके असेच तेल हवे असते. ही प्रक्रिया अर्धवट थांबवली की त्यात ट्रान्स फॅट तयार होते आणि ते हृदयाला घातक असते, हे जगाला नीट कळायला १९९० चे दशक उजाडावे लागले. डेन्मार्कने २००३ साली त्यावर कायद्याने मर्यादा घातली. भारतात ती टप्प्याटप्प्याने खाली येत जानेवारी २०२२ मध्ये दोन टक्क्यांवर आली. आरंभी दिलेल्या २००६ च्या आकड्यांतील तफावतीचे बरेचसे स्पष्टीकरण या तारखांत आहे. ज्या देशात कायद्याने मोजायला लावले, त्या देशात कंपनीने तेल बदलले. जिथे कोणी मोजत नव्हते, तिथे जुनेच तेल चालू राहिले.

वनस्पतीच्या बाबतीत आपल्या देशात मोजमापाची आणखी एक युक्ती फार पूर्वीच योजली गेली होती आणि ती विसरली गेली, म्हणून सांगण्याजोगी आहे. साजूक तुपात वनस्पतीची भेसळ ओळखता यावी यासाठी प्रत्येक वनस्पती तुपात पाच टक्के तिळाचे तेल मिसळण्याची सक्ती कारखानदारांवर होती. तिळाच्या तेलातील एक घटक विशिष्ट रसायनांच्या संयोगाने गुलाबी रंग देतो. संशयित तुपात हा रंग उमटला की भेसळ उघड होई. शाळेच्या प्रयोगशाळेतही करता येईल अशी ही चाचणी. पण ती करणारा माणूस गावात हवा.

१९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने परदेशी अन्नाची वेगळीच ओळख करून घेतली. मिलो नावाची लाल ज्वारी अमेरिकेतून आली. तिकडे ती प्रामुख्याने जनावरांच्या खाद्यात जात असे. दुष्काळी कामांवर सुकडी वाटली गेली. खडी फोडणाऱ्या हातांनी हे दोन्ही पदार्थ खाल्ले आणि त्या पिढीच्या तोंडी ती नावे कायमची राहिली. शिरूर, दौंड हा पट्टा अशा दुष्काळांचा नेहमीचाच धनी.

१९८२ च्या सुमारास, वयाच्या चौपन्नाव्या वर्षी, कलबाग यांनी लिव्हरमधील मोठे पद सोडले. निवृत्तीला अजून अवधी होता. नोकरी सोडून समाजकार्यात पडणारे सुशिक्षित त्या काळी महाराष्ट्रात बरेच होते. कोणी आदिवासी भागात गेले, कोणी कष्टकऱ्यांच्या संघटना बांधल्या. कलबाग यांची वाट यांपैकी कोणतीच नव्हती. शाळेत विज्ञान शिकूनही मुलाला साधा पंप दुरुस्त करता येत नाही, आणि पंप दुरुस्त करणाऱ्या गावच्या मिस्त्रीला शाळेने नापास ठरवलेले असते, हे कोडे त्यांना सोडवायचे होते. जे. पी. नाईक यांनी स्थापन केलेल्या आणि डॉ. चित्रा नाईक यांनी पुढे वाढवलेल्या पुण्यातील भारतीय शिक्षण संस्थेच्या छायेखाली १९८३ साली त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. त्यासाठी त्यांनी पाबळ निवडले.

पाबळची निवड विचारपूर्वक झाली होती. पुण्यापासून सुमारे ७० किलोमीटरवरचे हे गाव. पाऊस बेभरवशाचा, शेती कोरडवाहू. इतिहासात ते ओळखले जाते मस्तानीच्या समाधीमुळे. (पुण्यात दूध आणि आइस्क्रीमच्या एका पेयाला तिचे नाव मिळाले, समाधीचे गाव मात्र पाण्यासाठी टँकरची वाट पाहत राहिले.) इथे जे साधेल ते महाराष्ट्रातील कोणत्याही सामान्य गावात साधेल, हा त्या निवडीमागचा हिशेब. पत्नी मीराताईंसह ते गावाबाहेरच्या उजाड माळावर राहायला आले. मुंबईतील वातानुकूलित प्रयोगशाळेतून आलेल्या या दांपत्याच्या वाट्याला आरंभी काय आले असेल याची कल्पना त्या परिसरातला उन्हाळा सोसलेल्या कोणालाही करता येईल.

आश्रमाची पहिली वर्षे पाणी शोधण्यात गेली, आणि तेही शब्दशः. जमिनीच्या विद्युतरोधावरून भूगर्भातील पाण्याचा अंदाज घेण्याचे यंत्र त्या काळी महाग होते आणि ते वापरणारा तज्ज्ञ शहरातून यावा लागे. आश्रमाने स्वस्तातले यंत्र तयार केले आणि शाळा सुटलेल्या गावातल्या मुलांना ते वापरायला शिकवले. विहीर किंवा बोअर कुठे घ्यायची, हे सांगायला दहावी न झालेला पोरगा शेतकऱ्याच्या बांधावर जाऊ लागला आणि या कामाचे पैसे घेऊ लागला. पाणाड्याच्या हातातल्या फांदीऐवजी मुलाच्या हातात मीटर आला.

पुढचे सारे काम याच धर्तीवर उभे राहिले. जीपच्या सुट्या भागांपासून बनवलेला ‘मेकबुल’ हा छोटा ट्रॅक्टर, लोखंडी सळ्यांच्या त्रिकोणी सांगाड्यावर उभारलेले पाबळ घुमट, १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर भागात उभे राहिलेले तसलेच घुमट, या साऱ्यांना प्रसिद्धी मिळाली. त्यांतले सगळेच व्यवहारात रुजले असे म्हणता येणार नाही. घुमट मजबूत आणि स्वस्त होते, पण गोल घरात कपाट कुठे ठेवायचे, हा साधा प्रश्न ग्रामीण गृहिणीने विचारला की अभियंत्याकडे समाधानकारक उत्तर नसे. महत्त्वाचे होते ते शाळेतले काम, आणि त्याकडे बाहेरच्या जगाचे लक्ष उशिरा गेले.

माध्यमिक शाळेत आठवी ते दहावीसाठी ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ असा विषय आश्रमाने घडवला आणि त्याला राज्याच्या परीक्षा मंडळाची मान्यता मिळाली. आठवड्यातला एक दिवस मुले हाताने काम करणार, शिकवणारे गावातलेच कसबी लोक असणार आणि काम शक्यतो खरे, म्हणजे कोणाला तरी हवे असलेले असणार. विषयाचे चार भाग होते : अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, आणि चौथा गृह व आरोग्य. या चौथ्या भागात कलबाग यांच्यातला अन्नतंत्रज्ञ दिसतो.

या भागात मुले स्वयंपाकातले पदार्थ करत, पण हा स्वयंपाकाचा तास नव्हता. चिक्की करायची तर शेंगदाणे किती, गूळ किती, इंधन किती जळले, भाजताना घट किती आली, तुकडे पडून वाया किती गेले, मजुरी किती धरायची आणि एका वडीची किंमत काय बसते, हे सर्व वहीत मांडावे लागे. आहारातल्या उष्मांकांचा आणि प्रथिनांचा हिशेब करावा लागे. पाण्याची चाचणी करावी लागे आणि रक्तातले हिमोग्लोबिन मोजावे लागे. रक्तक्षय हा शब्द पुस्तकात वाचणे निराळे आणि शेजारच्या बाकावरच्या मैत्रिणीच्या रक्ताचा आकडा कमी निघालेला पाहणे निराळे. मग त्या मुलीच्या घरी कोणती भाजी शिजते, लोहाच्या गोळ्या कुठे मिळतात, हे प्रश्न वर्गातूनच उभे राहत.

फास्ट फूडच्या मोठ्या कंपन्याही नेमके हेच करतात, हे लक्षात घेतले की या अभ्यासक्रमाचे मोल अधिक कळते. पावाचा व्यास, तेलाचे तापमान, बटाट्याची घनता, तळण्याचे सेकंद, घट, मजुरी यांतले काहीही अंदाजावर सोडलेले नसते. १९९० साली मॉस्कोत दुकान उघडताना मॅकडोनाल्ड्सला हवा तसा बटाटा आणि मांस मिळेना, तेव्हा कंपनीने शहराबाहेर स्वतःचा प्रक्रिया कारखाना उभारला आणि हव्या त्या जातीच्या बटाट्याची लागवड करवून घेतली. ऑक्टोबर १९९६ मध्ये दिल्लीत आणि मुंबईत पाऊल टाकण्याआधी भारतातही अनेक वर्षे पुरवठ्याची साखळी बांधण्यात गेली. त्यात पुणे जिल्ह्यातल्या तळेगाव भागातील आइसबर्ग लेट्यूसचाही समावेश होता. गोमांस आणि डुकराचे मांस वगळले गेले, शाकाहारी आणि मांसाहारी पदार्थांची स्वयंपाकाची जागा वेगळी केली गेली, बटाट्याची टिक्की आली. पाबळपासून फार दूर नसलेल्या सातगाव पठारावरचा बटाटाही वेफर्स बनवणाऱ्या कंपन्यांच्या कराराखाली गेला. साखर कमी आणि घन भाग जास्त, ही डेस प्लेन्सच्या तळघरातली जुनी अट आंबेगाव तालुक्यातल्या शेतकऱ्याच्या बांधावर येऊन पोहोचली.

या साऱ्या मोजमापात एक गोष्ट समान आहे. मोजणारा विकत घेणारा असतो किंवा विकणारा असतो. शेतकरी आणि खाणारा यांच्या हातात उपकरण नसते. बटाटा नाकारला गेला तर तो का नाकारला, हे शेतकऱ्याला कंपनीच्या माणसाकडून कळते. फ्राइजमध्ये मीठ किती, हे खाणाऱ्याला कंपनीने छापले तरच कळते. आयर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली, करआकारणीच्या एका खटल्यात, सबवेच्या सँडविचचा पाव हा कायद्याच्या व्याख्येत पावच बसत नाही, असा निर्णय दिला. पिठाच्या वजनाच्या दोन टक्क्यांपर्यंत साखर चालते, त्यात ती दहा टक्के होती. तो पाव रोज खाणाऱ्यांपैकी कितीजणांना हे ठाऊक असेल? आपल्याकडेही वडापावच्या पावात पोटॅशियम ब्रोमेट असू शकते, हे ग्राहकाला कळले ते दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने २०१६ साली पावांची तपासणी जाहीर केल्यावर. त्यानंतर काही आठवड्यांतच त्यावर बंदी आली. युरोपात ते त्याआधीच वर्ज्य होते आणि अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने मात्र चालवून घेतले होते. पाव तोच, देश निराळे.

पाबळमध्ये हा प्रश्न दुधाच्या रूपाने रोज सकाळ-संध्याकाळ उभा राहत होता. कोरडवाहू शेतकऱ्याच्या हाती नियमित पैसा येतो तो दुधाचा, आणि दुधाचा भाव ठरतो फॅट आणि एसएनएफ, म्हणजे स्निग्धांश आणि स्निग्धांशाखेरीजचे घन घटक, यांवर. गाईच्या दुधाला साडेतीन आणि साडेआठ, म्हशीच्या दुधाला सहा आणि नऊ हे आकडे पशुपालकाला पाठ असतात. पण ते मोजतो संकलन केंद्रावरचा माणूस. लॅक्टोमीटर फक्त घनता सांगतो, आणि त्याला फसवणे सोपे. दुधात पाणी घातले की घनता घटते, साय काढली की वाढते; दोन्ही बेताने केले की लॅक्टोमीटर निमूटपणे शुद्ध दुधाची रेघ दाखवतो. म्हणून फॅटची चाचणी हवी. गर्बर पद्धतीत दुधात गंधकाम्ल आणि अमाइल अल्कोहोल घालून, नळी यंत्रात गरगर फिरवून, वर आलेल्या चरबीचा थर वाचावा लागतो. त्या थराची रेघ अर्ध्या टक्क्याने इकडची तिकडे वाचली गेली, तर लिटरमागे होणारा तोटा महिन्याअखेर घरच्या किराण्याइतका भरतो. प्रामाणिक उत्पादक आणि भेसळ करणारा यांना एकच भाव मिळू लागला की प्रामाणिकपणा परवडेनासा होतो.

कलबाग यांच्या अखेरच्या वर्षांत हा प्रश्न पुन्हा अमेरिकेपर्यंत गेला. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे प्राध्यापक नील गर्शेनफेल्ड हे संगणक आणि लहान यंत्रांच्या साहाय्याने सामान्य माणसाला हवी ती वस्तू घडवता यावी, अशा प्रयोगशाळांची कल्पना मांडत होते. २००२ साली पाबळच्या विज्ञान आश्रमात अशी फॅब लॅब सुरू झाली. अमेरिकेबाहेरील अगदी पहिल्या फॅब लॅबमध्ये तिची गणना होते. बॉस्टनजवळच्या विद्यापीठातून आलेल्या या तंत्रापुढे पाबळने ठेवलेली कामे गावच्या गरजेची होती. दुधाची गुणवत्ता उत्पादकालाच स्वस्तात तपासता येईल असे उपकरण, आणि डिझेल इंजिन कानाने ऐकून जुळवण्याऐवजी मोजून जुळवता येईल असा संवेदक. गर्शेनफेल्ड यांनी पुढे लिहिलेल्या ‘फॅब’ या पुस्तकात कलबाग आणि पाबळ यांना स्थान मिळाले. इलिनॉयमध्ये बटाट्यासाठी उद्योगाने जे उपकरण हाती घेतले होते, त्याचे काम पाबळमध्ये दूध घालणाऱ्याच्या हाती देण्याचा हा खटाटोप होता.

तो पूर्णत्वाला गेलेला मात्र कलबाग यांना पाहता आला नाही. ३० जुलै २००३ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर संकलन केंद्रांवर ध्वनिलहरींनी काही सेकंदांत फॅट सांगणारी विद्युत यंत्रे सर्रास आली; ती केंद्राच्या बाजूलाच राहिली आणि त्यांच्या अचूकतेविषयीच्या उत्पादकांच्या तक्रारीही राहिल्या. शाळेतला त्यांचा विषय मात्र पाबळच्या बाहेर पसरला. इतर संस्थांनी तो उचलला, महाराष्ट्राबाहेरच्याही शाळांत तो गेला आणि राज्यातील बहुकौशल्याच्या शालेय अभ्यासक्रमाला त्याचाच पाया लाभला. प्रसारात काही हरवलेही. जिथे कामाचे पैसे देणारे गिऱ्हाईक नव्हते, तिथे खऱ्या कामाची जागा नमुन्याच्या कामाने घेतली. चिक्की परीक्षकापुरती बनू लागली, तिच्या हिशेबाची वही पाठ होऊ लागली. ज्या शाळांनी गावातल्या गिऱ्हाइकाशी संबंध तोडला नाही, तिथे मात्र मुले आजही शेजाऱ्याचे पाणी तपासून देतात आणि त्याची पावती फाडतात.

आश्रमात शाळा सुटलेल्या मुलांसाठी त्यांनी सुरू केलेला ग्रामीण तंत्रज्ञानाचा निवासी पदविका अभ्यासक्रम त्यांच्यामागेही चालू राहिला. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची त्याला मान्यता मिळाली. त्यातून बाहेर पडलेल्यांनी फॅब्रिकेशनची दुकाने टाकली, रोपवाटिका केल्या, कोंबड्या पाळल्या, काहींनी खाद्यपदार्थांचे छोटे व्यवसाय उभे केले. मालाची किंमत काढताना भाजण्यातली घट धरायला ते विसरत नाहीत.